आयस जिती हाय

जगातल्या यच्चयावत साहसकथा एका दमात निकालात काढण्याची ताकद जर कुणात असेल, तर ती आमच्या घरमालकीणबाईंत आहे. टेमघरला त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी गेली कित्येक वर्षं भाड्यानं राहते. दिवसा शाळेत भूगोल शिकवते आणि उरलेल्या वेळात मुलांच्या एका मासिकासाठी अंतराळयानं उडवते, पाणबुड्या बुडवते, निर्जन बेटांवर ज्वालामुखी पेटवते. माझ्या नायकांनी आजवर विषारी धुकं, माणसं गिळणाऱ्या वेली आणि डोकं फिरलेले शास्त्रज्ञ अशा सगळ्यांना तोंड दिलंय, पण घरमालकीणबाईंच्या एका प्रश्नापुढे त्यातला एकही टिकलेला नाही. मासिकाचा अंक आला की तो आधी खाली त्यांच्याकडेच राहतो, कारण पोस्टमन जिना चढत नाही. त्या ओटीवर बसतात, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणतात, ओळीवरून बोट फिरवत अख्खी गोष्ट वाचतात आणि मग खालूनच हाक मारतात, "बाय, ह्या पोराची आयस कुठं हाय?"

आयस म्हणजे आई. हा प्रश्न त्या अशा सरळपणे विचारतात, की मीच त्या बाईला कुठंतरी लपवून ठेवलंय असं मला वाटायला लागतं. एकदा माझा नायक मंगळावर एकटाच राहत होता. "ती मेली हो मावशी," मी जिन्यातून सांगितलं. "कशानं?" आता कशानं ते मीसुद्धा ठरवलं नव्हतं. "गोष्ट सुरू व्हायच्या आधीच मेली." "आदीच म्हंजे? ताप व्हता का काय?" मी हो म्हणून टाकलं. "मंग पोराच्या जेवनाचं कोन बगतं?" यानात एक यंत्रमानव आहे आणि तो सगळं रांधतो, असं मी जरा अभिमानानंच सांगितलं. घरमालकीणबाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "त्याला मीठ कलतं का?" त्या यंत्रमानवाला जगातल्या सगळ्या भाषा येत होत्या, उल्कांच्या वाटा तो तोंडी हिशेब करून सांगायचा, पण मिठाचं काही मी त्याच्यात घातलेलं नव्हतं. पुढचा भाग लिहायला बसले तर मलाच त्या पोराची काळजी लागून राहिली, आणि दोन महिने यान मंगळावरून हललं नाही.

आता खरं सांगायचं तर साहसकथेत आईची अडचणच होते. आई जागेवर असली तर ती विचारणार, कुठं चाललास, कुणाबरोबर, परत कधी येणार, आणि आधी दोन घास खाऊन घे. तोवर ज्वालामुखी थंड होऊन जातो. म्हणून आमच्या धंद्यात आईची विल्हेवाट लावायच्या काही रीती ठरून गेल्या आहेत. पहिल्या पानाच्या आधीच तिला मारून भिंतीवर हार घातलेला फोटो लावावा. नाहीतर तिला थोर शास्त्रज्ञ करावं आणि प्रयोगशाळेच्या स्फोटात हरवून टाकावं, म्हणजे मुलाला शोधायलाही काहीतरी मिळतं. फारच दया आली तर पहिल्या पानावर तिला डोळ्यांत पाणी आणून दारात उभी करावी आणि शेवटच्या पानावर त्याच दारात, त्याच पाण्यासकट, पुन्हा दाखवावी. मधला सगळा काळ ती तिथंच उभी होती असं धरून चालायचं. घरमालकीणबाईंना ही शेवटची रीत सगळ्यात जास्त खुपते. "इतका वेल दारात उभी? गॅसवर काय न्हाय तिच्या?"

त्यात त्यांच्या घराची एक शिस्त आहे, ती आपल्याकडे बहुतेक घरांत असते, पण त्यांच्याकडे तिला कायद्याचं बळ आहे. निघताना कुणी 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. गॅस सिलिंडरवाला एकदा सवयीनं "जाता हूँ मावशी" म्हणून फाटकाबाहेर पडला, तर त्याला त्यांनी हाक मारून परत बोलावलं, पायरीवर उभं केलं आणि "आता हूँ" असं म्हणायला लावूनच सोडलं. तो बिचारा, आपण नेमकं कुठं येतोय ते न कळून, बराच वेळ सायकलीपाशी घुटमळत होता. माझे नायक तर सगळेच "मी जातो" म्हणून ताडताड निघणारे. समुद्राच्या तळाशी निघालेल्या एका पोराचं ते वाक्य वाचून त्यांनी अंकच मिटला. "असं बोलून गेलाय, आता परत कशाला येतोय?" म्हणाल्या, आणि पुढचं वाचलंच नाही.

त्यांच्या डाव्या हातातल्या बांगड्यांत सेफ्टी पिनांचा एक घोस कायम लटकलेला असतो. त्याचा खुळखुळ आधी ऐकू येतो आणि मग त्या दिसतात. एकदा आम्ही दोघी कल्याणहून रिक्षानं येत होतो आणि रिक्षाची कसली तरी तार निसटून गाडी रस्त्यातच बंद पडली. रिक्षावाला फोनवर मेकॅनिकला शिव्या देत होता. तेवढ्यात बाई उतरल्या, वाकून बघितलं, घोसातली सगळ्यात जाड पिन काढली आणि ती तार जागच्या जागी अडकवून परत येऊन बसल्या. मी थक्क झाले होते, पण त्यांच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. थोडं पुढं आल्यावर म्हणाल्या, "तुझ्या त्या यानाचा दरवाजा लागत नव्हता ना? आयस बरोबर असती, तर पिन लावली असती." मला पटलं. तो दरवाजा लावायला मी तीन प्रकरणं आणि एक शूर कुत्रा खर्ची घातला होता.

पण आयांच्या साहसाबद्दल मला जे काही कळलं, ते त्यांच्या घंगाळामुळे कळलं. कामवारी नदीला पूर आलेल्या एका जुन्या पावसाळ्यात त्यांचं तांब्याचं घंगाळ वाहून गेलं. माहेरून, दिघाशीहून, लग्नात आलेलं. त्याची हळहळ त्या अजून करतात. भांड्याच्या दुकानासमोरून जाताना करतात, लग्नात आहेर बघताना करतात, बातम्यांत कुठल्याही गावचा पूर दाखवला तरी करतात. मी हे इतक्यांदा ऐकलं होतं, की एकदा सहज विचारलं, एवढं जड घंगाळ वाहून गेलंच कसं? "आगं, प्रणाली व्हती ना त्याच्यात," त्या म्हणाल्या. प्रणाली म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. तेव्हा ती रांगतही नव्हती. नवरा कामावर अडकलेला, घरात छातीएवढं पाणी, म्हणून यांनी पोरीला घंगाळात निजवलं आणि ते घंगाळ दोन्ही हातांनी ढकलत, गळ्याएवढ्या पाण्यातून शाळेच्या उंच ओट्यापर्यंत नेलं. तिथं लोकांनी पोरीला वर घेतलं. "तिला वर दिली आन् माझा हात सुटला. गेलं माझं घंगाल." एवढं बोलून त्या पुन्हा तांब्याच्या आजच्या भावावर आल्या. माझ्या कुठल्याही नायकानं हे केलं असतं तर त्यावर मी वर्षभर क्रमशः लिहिलं असतं. यांच्या लेखी ती एका भांड्याच्या नुकसानीची गोष्ट होती.

ही घंगाळातली प्रणाली पुढं माझ्याच वर्गात भूगोल शिकली. उंच, अबोल, हातात कायम स्क्रू-ड्रायव्हर. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून ती ठाण्याला हवामानाची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत लागली. वडील मधल्या काळात वारले होते, घरात या दोघीच. गेल्या वर्षी एका संध्याकाळी ती माझ्याकडे वर आली आणि दार लोटून घेऊन म्हणाली, "टीचर, माझं अंटार्क्टिकाला सिलेक्शन झालंय. तिथली मशीन्स सांभाळायला. सव्वा वर्ष." मी आनंदानं उठले, तर तिनं मला हातानं खाली बसवलं. "आईला सांगितलं नाही अजून. तिकडं हिवाळा लागला ना, की महिनोन्‌महिने जहाज येत नाही, विमान येत नाही. कोणाला काय झालं तरी कोण येऊ शकत नाही, जाऊ शकत नाही. आई नको बोलली तर मी नाय जाणार. पण मला जायचंय टीचर. तुम्ही सांगा ना तिला. येत्या सोमवारपर्यंत मला कळवायचंय."

मला सांगायला जमेना. दोनदा खाली गेले, दोनदा चहा पिऊन वर आले. शेवटी मला जे येतं तेच मी केलं. एक गोष्ट लिहिली. एका मुलीला बर्फाच्या ग्रहावरची यंत्रं सांभाळायला बोलावणं येतं, अशी. आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या गोष्टीत आई होती. धडधाकट, बांगड्यांत पिना, शेवटपर्यंत हजर. शेवटी ती हसून मुलीला म्हणते, "जा बाळा, तुझी स्वप्नं पूर्ण कर." अंक छापून यायला वेळ होता, म्हणून मी कच्ची प्रतच खाली देऊन आले. त्या दिवशी खालून हाक आली नाही. जिन्यावर खुळखुळ ऐकू आला. गुडघ्यांमुळं त्या कित्येक वर्षांत वर चढल्या नव्हत्या. दाराला टेकून त्यांनी दम घेतला आणि म्हणाल्या, "ह्या गोष्टीत आयस जिती हाय."

"हो मावशी."

"म्हंजे कायतरी भानगड हाय. खरं सांग. माझी पोर कुठं चाललीय?"

मी सगळं सांगितलं. भिंतीवर शाळेचा जुना जगाचा नकाशा होता, तो त्यांनी जवळ जाऊन बघितला. मी अगदी तळाचा पांढरा पट्टा दाखवला. "तूच दाखवलंस तिला हे," त्या म्हणाल्या, पण आवाजात राग नव्हता. मग खुर्चीवर बसून त्यांनी माझ्या गोष्टीचं शेवटचं पान पुन्हा काढलं. "अशी कोन आयस बोलते? सपना पूर्ण कर म्हनं. हिनं इचारलंच न्हाय, तिथं थंडी किती हाय ते." मी म्हटलं, खूप आहे. "खूप म्हंजे किती?" मी आकडा सांगितला. आकड्यानं त्यांचं समाधान झालं नाही. शून्याच्या खाली पुन्हा इतकं म्हणजे काय, ते मलाही कुठं माहीत होतं. मी भूगोल शिकवते, थंडी वाजलेली मला फार तर महाबळेश्वरला.

दुसरा दिवस त्यांनी तांदूळ निवडण्यात घालवला. पाखडलेले तांदूळ पुन्हा पाखडले. प्रणाली कामावरून आली तेव्हा आईला कळल्याचं मी तिला सांगितलं, पण आईनं विषय काढला नाही म्हणून तिनंही काढला नाही. रविवारी सकाळी त्यांनी आम्हा दोघींना तयार व्हायला सांगितलं. "पडघ्याला जायाचंय. आपल्या शेतावर."

हे शेत त्यांच्या सासऱ्यांनी कधीच विकलेलं आहे. भाताची खाचरं बुजवून तिथं आधी पत्र्याचं गोदाम झालं आणि आता मोठं कोल्ड स्टोरेज आहे, पण घरमालकीणबाई त्याला शेतच म्हणतात. तिथले सुपरवायझर रफीकभाई पडघ्याचेच, जुन्या ओळखीतले. त्यांना बाईंनी फाटकावरच गाठलं. "रफीकभाय, दरवाजा खोलो. सगल्यात थंड खोली कुठली हाय, तिथं आमाला जायाचंय."

"मावशी, उणे अठरा आहे तिथे," रफीकभाई म्हणाले. "मटार ठेवतात. माणसं नाय ठेवत. बीपी का क्या होगा?"

"मटारला चालतं ना? मंग चला."

कामगारांची निळी जाड जाकिटं आणि हातमोजे आम्हाला चढवले गेले. बाईंच्या साडीवरून ते जाकीट थेट गुडघ्यांपर्यंत आलं आणि बाह्यांत हात दिसेनासे झाले. जड दार सरकलं, पांढरी वाफ अंगावर आली आणि आम्ही आत गेलो. छताला भिडलेल्या खोक्यांच्या रांगा, मधून बोळ. माझ्या नाकातलं सगळं क्षणात कडक झालं आणि मला ताबडतोब माझ्या आजवरच्या सर्व बर्फाळ ग्रहांची लाज वाटली. बाई मात्र खोक्यांकडे बघत शांतपणे चालल्या होत्या. एका ठिकाणी थांबून म्हणाल्या, "हितं आमचं खलं व्हतं. भात झोडायचो." त्या खळ्यावर आता गोठवलेल्या मटारांची भिंत उभी होती. त्या तिथंच उभ्या राहिल्या. तोंड उघडून वाफ सोडून बघितली. पदराची गाठ मारून बघितली, सोडून बघितली. रफीकभाई दारातून "बस मावशी, बस" म्हणत होते. "माझी पोर सव्वा वरीस ऱ्हानार, मी जराशी पन नको?" असं त्यांनी मागं न बघता सांगितलं.

मग प्रणालीकडे वळून त्या म्हणाल्या, "तवा घंगाल माझ्या हातात व्हतं. आता कोन धरनार?"

प्रणालीचे दात वाजत होते. माझ्या गोष्टीत याच जागी आई हसून स्वप्नांबद्दल बोलली होती. इथं ही आई हसतही नव्हती आणि रडतही नव्हती, तिच्या चेहऱ्यावर सरळसरळ भीती होती. मला त्या क्षणी वाटलं, आता ही नाही म्हणणार, आणि ती नाही म्हणाली तर तिला चूक म्हणायची माझी काय छाती होती?

बाईंनी हातमोजा काढला, बांगड्यांतून एक पिन सोडवली आणि लेकीपुढं धरली. "मोजं काढ. ही लाव."

प्रणालीनं हातमोजे काढले. बोटं लाल झाली होती. पिन पहिल्यांदा निसटली, खाली पडली, तिनं ती वाकून उचलली. मग बोटांवर फुंकर मारून, अगदी सावकाश, आईच्या जाकिटाच्या कॉलरला तिनं ती पिन लावली आणि टोक पिनेच्या टोपीत नीट बसवलं. बाईंनी ती ओढून बघितली. पक्की होती. त्यांनी लेकीचे दोन्ही हात आपल्या बाह्यांत घेतले, थोडा वेळ चोळले आणि म्हणाल्या, "जाऊन ये."

निघायच्या दिवशी त्या दारात उभ्या राहिल्या नाहीत. गाडी आली तेव्हा लेकीच्या आधी पुढच्या सीटवर त्या स्वतःच जाऊन बसल्या होत्या. बरोबर सुकटाची चटणी, बोंबलांची पुरचुंडी, मेतकूट आणि एक गोधडी. वजनात यातलं निम्मं बसत नव्हतं, म्हणून प्रणालीनं आपली पुस्तकं काढून ठेवली. विमानतळावर काचेच्या दाराशी त्यांनी बांगड्यांतला पिनांचा घोस सोडवला आणि सगळ्या पिना एकेक करून लेकीच्या जाकिटाला आतून ओळीनं टोचल्या. पुढं तपासणीला ते यंत्र अर्थातच किंचाळलं. तिथल्या पोलीसबाईंनी जाकीट उलटून बघितलं, हसल्या आणि एवढंच विचारलं, "आईनं दिल्या ना?"

आता तिकडे हिवाळा आहे, म्हणजे दिवसरात्र अंधार. फोन जमेल तसा येतो. प्रणाली स्क्रीनवर दिसते, बोंबील संपल्याचं सांगते, आणि फोन ठेवताना न चुकता "येते" म्हणते. माझ्या गोष्टीतली ती स्वप्नांची ओळ मी काढून टाकली. तिथं आई मुलीला पिन लावायला सांगते. संपादकांना ते फारसं कळलं नाही. साहसाच्या ऐन भरात ही आई मध्येच काय करतेय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, राहू द्या.

घरमालकीणबाईंच्या बांगड्या आता वाजत नाहीत. त्या आल्याचं कळत नाही, आणि मला अजून त्याची सवय झालेली नाही. मधूनमधून त्या रफीकभाईंसाठी डबा घेऊन पडघ्याला जातात, निळं जाकीट घालतात आणि मटारांपाशी जाऊन उभ्या राहतात. परवा मीही गेले होते. आम्ही दोघी शेजारी उभ्या होतो. मग त्या म्हणाल्या, "तुझ्या गोष्टीतल्या आयस दारात उभ्या ऱ्हातात. दारातनं पोर लांब दिसते, बाय. हितनं जवल वाटते." रफीकभाईंनी हाक मारली तशा आम्ही निघालो. दाराशी आल्यावर त्या थांबल्या, मागं वळल्या, आणि आतल्या त्या पांढऱ्या वाफेकडे बघून हळूच म्हणाल्या, "येते गं."